मीठ आहे, पण कशाचं?

पुडीवर ‘चव वाढवणारा पदार्थ ६३१’ असे छापलेले असेल, तर ती घातलेला रस्सा हलाल ठरतो का? यंदा ईदनंतर मी या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला बसले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या मलकापुरात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या तिथून निघून आलेल्यांना ते कळवावे, म्हणून हे लिहीत आहे. त्यासाठी आधी मलकापूरच्या एसटी स्टँडवरचा एक डबा सांगावा लागेल.

कोल्हापूरच्या शाळेत मला विज्ञान शिकवण्याची नोकरी लागली, त्या जूनमधली ही गोष्ट. गाडी लागलेली होती. आईने पिशवीत सांडग्यांखाली खाऱ्या बांगड्यांचा डबा ठेवला होता. घाटाखालून येणारा तो बांगडा आमच्या घरी पावसाळाभर पुरे. आबांनी, म्हणजे वडिलांनी, पिशवी उचलून पाहिली, डबा बाहेर काढला आणि आईच्या हातात परत दिला. “खोली मिळंपतोर ह्यो वास नगं,” एवढेच ते म्हणाले. आजोबांच्या काळापासून आम्ही बौद्ध. आबांचा एक नियम होता आणि तो त्यांनी गाडी सुटताना पुन्हा ऐकवला: “ताटात काय हाय ते कुणाला इचारायचं न्हाय, आन् कुणी इचारलं तर सांगायचं न्हाय.”

शिवाजी पेठेत खोली शोधताना त्या नियमाचा अर्थ उलगडला. “तुम्ही काय खाता?” असे तीन घरांच्या उंबऱ्यावर विचारले गेले. त्यात खरे तर आडनाव विचारलेले असते, हे मला तिसऱ्या घरी समजले. चौथ्या घरमालकांनी पाणी किती वाजता येते एवढे सांगितले आणि किल्ली दिली. तिथे मी आजही राहते. बांगडा मात्र मी कधी शिजवला नाही. कुणी मनाई केली नव्हती. सवयच तशी पडली.

भिंतीपलीकडे हसीनाचाची राहतात. त्या शाळेचे गणवेश शिवतात. त्यांच्या हाताखालून गेलेली शिवण उसवलेली मी पाहिलेली नाही. इतक्या वर्षांत त्यांचा शिरखुर्मा माझ्याकडे येत राहिला, पण त्यांना मी जेवायला कधी बोलावले नव्हते. यंदा धीर करून रविवारचे बोलावले. मटण त्यांच्याच नेहमीच्या दुकानातून आणायचे ठरले. बुधवारी त्या मोठे पातेले द्यायला आल्या, तेव्हा ओट्यावरची रश्शाच्या पावडरीची पुडी त्यांनी उचलली, उजेडाकडे धरून वाचली आणि विचारले, “ह्यात काय हाय, बाई?”

मला उंबऱ्यावरचा तो जुना प्रश्न ऐकू आला. उत्तर तुटक गेले. म्हटले, डायसोडियम इनोसिनेट, म्हणजे सोडियमचे एक मीठ, बाकी काही नाही.

“मीठ हाय व्हय,” चाची शांतपणे म्हणाल्या. “पण कशाचं?”

फळ्यासमोर उभे राहून इतकी वर्षे मी ‘काय’ शिकवले होते. ‘कशाचे’ असे मला कोणी विचारले नव्हते. पुडी खाली ठेवत त्या म्हणाल्या, “तुमी वाचून बगा. तुमी घाला म्हणालासा तर घालू.” त्यांचा धर्म त्यांनी माझ्या शब्दावर ठेवला होता. माझा शब्द मात्र रागाच्या भरात निघालेला होता.

मग मी रीतसर शोध घेतला. पुस्तकात आढळले ते असे. हा पदार्थ मांसापासून किंवा मासळीपासून काढता येतो, पिष्ट आंबवूनही करता येतो. तयार झालेला रेणू एकच असल्यामुळे नुसत्या नावावरून मूळ कळत नाही. मासळी किंवा पिष्ट असेल तर चाचींची हरकत नव्हती. मांस असेल तर जनावर कोणते आणि ते कसे कापले, हे कळायला हवे होते. पुडीवर हिरवा ठिपका असता तर मांसाची शंका तिथेच मिटली असती. माझ्या पुडीवर तपकिरी त्रिकोण होता. आत प्राणिज काहीतरी आहे एवढे तो सांगतो. कोणता घटक, ते सांगत नाही. कंपनीच्या फोनवरची मुलगी नम्रपणे दोनदा म्हणाली की हा घटक परवानगी असलेला आहे. माझा प्रश्न परवानगीचा नव्हता. शनिवारी लेखी उत्तर आले: पुरवठादाराप्रमाणे मूळ बदलू शकते.

संध्याकाळी चाचींना सांगितले, “मला माहीत नाही. बुधवारी मी माहीत असल्यासारखं बोलले.”

शिलाई मशीन थांबवून त्या हसल्या. “एवढं शिकून म्हाईत न्हाय म्हणालासा. म्हणून तर येतो की जेवाय.”

पुस्तकात आणखी एक ओळ होती. हाच पदार्थ मांसमासळीत मुळातच असतो, आणि वाळवलेल्या मासळीच्या चवीत त्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे पुडीतून मी जी चव आणू पाहत होते, ती स्टँडवर परत दिलेल्या डब्यात होती. पुडी बाजूला ठेवून मी आईला फोन केला. मागून आबांचा आवाज आला, “आन् वासाचं?” मी म्हटले, येऊ द्या.

रविवारी पहिल्या गाडीने आबा स्वतःच डबा घेऊन आले. तव्यावर बांगडा पडला आणि वास जिन्याने खाली गेला. चाचींनी ताटाकडे पाहून आबांना विचारले, “पावणं, ह्यो कुठला?”

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली: रत्नागिरीकडचा आहे, मीठ लावून वाळूवर नव्हे तर दोरीवर वाळवलेला, डोळा बघून घ्यावा लागतो. ते बराच वेळ सांगत होते. ताटातले त्यांनी परक्या माणसाला असे सांगितलेले मी प्रथमच ऐकले.

“मासाच हाय न्हवं,” चाची म्हणाल्या. “वाढा.”

घर कुठे, असे मला कोणी विचारले की मी अजून मलकापूर सांगते. पण मनात येते ते ओट्याजवळ उभे राहून पुडी उजेडाकडे धरणारे कोणीतरी. तिथला प्रश्न उंबऱ्यावर अडवायला नव्हे, तर आत येऊन, जेवायला बसण्यासाठी विचारलेला असतो.

‘माहीत नाही’ हे वर दिलेले उत्तर फक्त माझ्या त्या एका पुडीचे आहे. आपल्या घरची पुडी उलटी करा, आकडा आणि खूण पाहा, ‘कशापासून’ असे करणाऱ्याला लिहून विचारा. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासा.