बाबांनी नामंजूर केलेलं क्रियापद

प्रबंध सादर करण्याआधी पानांचे क्रमांक तपासायला मी तो बाबांकडे दिला, ही माझीच अक्कल. ओरोसच्या सरकारी कचेरीत जमिनीचे कागद तपासण्यात त्यांची हयात गेली. ते निवृत्त झाले, त्यांची लाल पेन्सिल मात्र अजून सेवेत आहे.

माझा विषय एकच क्रियापद: बेरनन्. इंग्रजी, जर्मन या भाषा जिच्यापासून झाल्या, त्या फार जुन्या भाषेतलं. अर्थ, वाहून नेणं. आज्ञा करायची तर बेर, त्यानं वाहिलं तर बार, वाहून नेलेल्याला बुरनझ. हे सगळं कुठेही लिहिलेलं सापडत नाही, नंतरच्या भाषांवरून ताडलेलं आहे. म्हणून अशा प्रत्येक रूपाआधी बारीक चांदणी काढायची रीत असते.

संध्याकाळी प्रबंध परत आला. पानांचे क्रमांक अचूक होते. आणि झाडून सगळ्या चांदण्यांशेजारी लाल शेरा होता: 'आधार नाही. नामंजूर.'

"बाबा, ह्या काय केलंस?"

"कागद खंय आसा गो?"

"कागद नाय, म्हणानच तर चांदणी!"

"म्हंजे सात वर्सां तू कागद नसलेल्या वस्तूच्या पाठसून धावतंस?"

मला रडूच आलं. परीक्षकांची मला भीती नव्हती. या एका माणसानं माझं काम खरं मानावं, एवढंच हवं होतं. मी तणतणत जुनी इंग्रजी, गॉथिक, नॉर्स यांतली मिळतीजुळती रूपं, आपलं संस्कृतातलं वाहून नेणारं 'भरति', सगळं त्यांच्या पुढ्यात मांडलं.

बाबांनी पेन्सिल कानावर खोचली.

"अगो, देवगडाक एका बागेचो नकाशो मालकाच्या घरात वाळवीन खाल्ललो. मगे आमी चारी बाजूच्या शेजाऱ्यांचे जबाब घेतले. जुळले, तशी हद्द धरली. तसाच मा ह्या?"

"तसाच."

मला सात वर्षांत कुणाला पटवता आलं नव्हतं, ते त्यांना वाळवीनं पटवलं. मग खोडरबर घेऊन बसले. शेरे पुसताना पानं अशी माखवली की सगळा प्रबंध पुन्हा छापावा लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका चहाला आले आणि बाबांना माझ्याबद्दल विचारू लागले. "चेडवान तुझ्या इतकी वर्सां शोधल्यान, ता खरा तरी आसा काय रे?"

मी आत कप विसळत होते. नळ बंद केला.

"खरा आसा," बाबा म्हणाले. "कागद नाय. पण मी सांगतंय मा."