मोडायची प्रत

केटा गावातल्या आमच्या दफ्तरखान्यात एसिनाम क्पोडो आंटी जमिनींचे जुने कागद सांभाळायची. कागदाला शिवण्याआधी ती प्रत्येकाला हात धुवायला लावी. मंत्र्यालाही सोडलं नसतं, पण मंत्री कधी आलाच नाही.

मग राजधानीहून, अक्राहून, हुकूम आला. हरमाटानचे धुळीचे वारे थांबायच्या आत सगळी सूची संगणकात चढवा, नाहीतर कागदांची खोकी अक्राला हलवू. म्हणजे आजोबांच्या नारळीच्या बागेचा कागद बघायला इथल्या माणसाने अक्राची बस धरायची. आंटीची झोप उडाली. शिकवायला सेलोर्म नावाचा तरुण आला. काळ्या पडद्यावर आज्ञा कशा लिहायच्या ते त्याने दाखवलं, आणि आम्ही सगळे हात मागे बांधून उभे राहिलो.

आंटीने पहिली ओळ लिहिली. ती चुकली. सेलोर्म म्हणाला, दुरुस्त करा. आंटी हलेना. लिहिलेल्यात खाडाखोड करायची नाही, चूकसुद्धा जशीच्या तशी जपायची, हे तिने जन्मभर पाळलं होतं. सेलोर्म मक्याचं अक्प्ले आणि भेंडीचं कालवण जेवून आला, तरी चूक जागच्या जागी सुखरूप होती.

"आंटी, मूळ यादी वेगळी ठेवलीय," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "ही तिची प्रत. मोडली तर दुसरी काढू."

"मेल्या, हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

त्यानंतर तिला आवरणं कठीण गेलं. दुसऱ्या दिवशी तिने आमच्यातल्या म्हाताऱ्या अगबोद्झाला संगणकापुढे बसवलं. तो या यंत्राला दुरूनच नमस्कार करायचा. "मोडून दाखव," ती म्हणाली. तो दिवसभर मन लावून मोडत बसला आणि संध्याकाळपर्यंत शिकला. मग माझी पाळी आली. मोडण्यात मला इतकी गोडी आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

सूची मुदतीत झाली. अक्राचे साहेब पाहायला आले. म्हणाले, आमच्याकडे अक्राला सगळे अजून संगणकाला घाबरतात, तुम्हाला कोणी शिकवलं? आम्ही मूर्खासारखी आंटीकडे बोटं दाखवली.

खोकी केटालाच राहिली. आंटीची बदली अक्राला झाली. मला साहेबांचा राग आला, आणि माझ्या बोटाचाही.

"तोंड कशाला पाडतोस?" बसमध्ये चढताना ती म्हणाली. "सगळे शिकलात ना? मग माझ्यावाचून काय अडणार आहे?"

काहीच अडलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.