लेकीच्या मानेचं माप

डॉक्टरनं माझी वही माझ्याच अंगावर भिरकावली. छातीला लागून ती फरशीवर उघडी पडली. बाकावरची पंधरा-वीस माणसं बघत होती. माझी तेरा वर्षांची लेक शमीम माझ्या शेजारी उभी. मान डाव्या खांद्याकडं पिळलेली, डोळे वर छताला लागलेले, तोंडातून लाळ.

"निजाम जाऊन किती वर्षं झाली रे?" डॉक्टर म्हणाला. "अजून ही रजाकारी लिपी घेऊन फिरतोस? आधी मराठी लिहायला शिक. मग मला डॉक्टरी शिकव."

बाकावरचं कुणीतरी हसलं.

मी उमरग्यात कपडे शिवतो. शाळा शिकलो ती निजामाच्या राज्यात, चौथीपर्यंत, आणि तिथं उर्दूच होती. माझ्या वर्गातला पाटलाचा पोरगाही उर्दूच शिकला. तो आज सोसायटीचा चेअरमन आहे, त्याला कुणी रजाकार म्हणत नाही. राज्य बदललं ते काही मला विचारून नाही. गिऱ्हाइकांची मापं मी आजही उर्दूतच लिहितो.

शमीमला गेल्या उन्हाळ्यात आवाज ऐकू यायला लागले. झोप उडाली. भिंतीशी भांडायची, हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकसमोर धावायची. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुण्याकडून बदलून आलेला. त्यानं नव्याच आलेल्या गोळ्या दिल्या आणि पोर झोपली. मी त्याला दुवा दिली, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी तिची मान आपोआप फिरली. जीभ ताठ होऊन बाहेर आली. पुन्हा दवाखाना. डॉक्टरनं खुर्चीतूनच बघितलं आणि म्हणाला, "नाटकं आहेत. गोळी दुप्पट करा."

मी केली. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आम्ही हो म्हणायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. शमीम तोंड उघडेना. मी तिचं नाक दाबलं, गोळी बोटानं आत लोटली आणि वर "सीधी बैठ!" म्हणून एक थोबाडीत दिली. जड जिभेनं ती म्हणाली, "अब्बा, मैं नै कर रई. आपीआप हो रा." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आजारी लेकीला बापानं मारलं, दुसऱ्याच्या शब्दावर. आठवलं की स्वतःची किळस येते.

मग मला जे एकच काम येतं ते मी केलं. टेप काढला. डाव्या कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत माप. घरात घड्याळ नाही, म्हणून वेळ अजानीवर धरली. गोळीच्या आधी, पहाटे फजरला, पाच इंच, म्हणजे मान सरळ. दुपारी जोहरला दोन. दुपार कलल्यावर असरला एक. आठ दिवस गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच लिहीत राहिलो. मधे एक दिवस तिची आई माझ्याशी कडाकडा भांडली आणि गोळी दिलीच नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाचच्या पाच इंच. दुसऱ्या दिवशी गोळी दिली, पुन्हा एक. गिऱ्हाइकाला वाटतं म्हणून कंबर बारीक होत नाही, टेप सांगतो ती खरी. ही नाटकं असती तर गोळीची वेळ बघून झाली नसती.

डॉक्टरला दाखवायला आणलेली ती वही आता फरशीवर पडली होती.

"सुई भर," डॉक्टरनं कंपाउंडरला सांगितलं. "दुप्पट. आणि हिला धरा."

कंपाउंडरनं तिचा दंड पकडला. शमीमचे डोळे खाली येत नव्हते, पण हातानं तिनं माझा सदरा घट्ट धरला. ज्यानं मारलं त्याचाच सदरा. मला संताप आला. आधी माझा, मग त्याचा. वाकून वही उचलली. कंपाउंडरचा हात बाजूला केला.

"साहेब, ह्या वहीत तुमचं बी माप हाय," मी म्हणालो. "अंगातला कोट म्या ह्याच लिखाणावरून शिवलाय. कुठं घट्ट व्हतो का?"

त्यानं नकळत स्वतःच्या बाहीकडं बघितलं. आता कुणी हसलं नाही.

"तुमच्या कोटाला ही लिपी चालली. माझ्या लेकीला का न्हाय चालत? म्या वाचतो, तुमी ऐका."

"चालता हो. पुन्हा पायरी चढलास तर पोलिसात देईन."

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. पोरीला घेऊन मी घरी आलो.

गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी मान सरळ झाली. चौथ्या दिवशी आवाज परत आले. आता ती पुन्हा भिंतीशी भांडते, आईला ओळखत नाही. तेव्हा मी जिंकलो वगैरे काही नाही. दवाखान्याच्या कपड्यांचं शिलाईकाम तेवढं गेलं. येणारा-जाणारा विचारतो, डॉक्टरशी भांडून काय मिळवलंस? वैताग येतो नुसता. अरे, तिला औषध लागतं हे मलाही कळतं. पण ते देणाऱ्यानं तिच्याकडं बघायला नको का?

उद्या तिला घेऊन सोलापूरची एसटी धरणार. नागरी लिपी लिहायला शिकेन, पण माझ्या सवडीनं. तोवर पोरीचा आजार थांबणार नाही. तिथला डॉक्टर कितीही मोठा असो, मी वाचणार आणि तो ऐकणार. मग तो शमीमला विचारणार, तुला काय होतं ते सांग. ती सांगेल. तोवर तिचं तोंड जबरदस्तीनं कुणी उघडणार नाही. मीसुद्धा नाही.