टॅरिफ आणि दौलताबादची सीताफळं

आमच्या वाळूजच्या कारखान्यात गिअरचे पार्ट बनतात. पार्ट अमेरिकेला जातात आणि किस्से इथंच साठतात. तिकडं टॅरिफ लागला तेव्हापासून तर किस्से ठेवायला जागा नाही!

*

डिस्पॅचच्या जाधवमामांनी मोठ्या साहेबांना विचारलं, "टॅरिफ भरतंय कोण? आपण का त्ये?"

साहेब म्हणाले, "बंदरावर भरणार तिकडचं गिऱ्हाईक. मग ते आपल्याला भाव पाडायला लावणार आणि उरलेलं त्याच्या गिऱ्हाइकांवर टाकणार."

"व्हय का! म्हंजी नाका एक, अन् जकात समद्यांला!"

*

नवा दर लागायच्या आत माल काढायची घाई झाली. प्रत्येक कंटेनरपुढं नारळ फोडायची आमची पद्धत. अख्ख्या एमआयडीसीचे कंटेनर एकदम निघाले आणि नाक्यावर नारळाचा भाव कडाडला.

"टॅरिफ लोखंडावर, अन् महागला नारळ!" मामा करवादले. कॅन्टीनमध्ये आठवडाभर खोबऱ्याची चटणी!

*

मी कूलर घ्यायला गुलमंडीत गेलो. दुकानदारानं भाव वाढवून सांगितला. म्हणाला, "टॅरिफ हैना साब!"

कूलर इथल्याच चिकलठाण्यात बनलेला!

*

मग ऑर्डरी आटल्या. अमेरिकेचा टॉमसाहेब स्वतः आला. सगळा टॅरिफ तुम्ही सोसा, नाहीतर ऑर्डर बंद, असं त्याचं म्हणणं. ऑर्डर गेली की दुसरी शिफ्ट गेली, आणि मी दुसऱ्या शिफ्टचा. झोप उडाली माझी.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मामांनी त्याला दौलताबाद दाखवलं. मीही सोबत होतो. किल्ल्याखाली सीताफळवाल्या मावशींनी भाव सांगितला, तसं टॉमनं पाकीट काढलं. मामांनी त्याचा हात धरला, निम्मा भाव सांगितला आणि सरळ चालू लागले.

"ओ भाऊ, या इकडं! ना तुमचं, ना माझं!" मावशी ओरडल्या.

मामा वळले. मधल्या भावात सौदा पटला. मग एक बोट दाखवून मामा म्हणाले, "अन् एक वर टाका!"

टॉमनं परतताना मामांकडून सगळं अगदी शब्दांसकट नीट समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला साहेबांनी आम्हा दोघांनाही बसवलं. त्यांनी भाव जरासाच कमी केला. टॉम उठला आणि दाराकडं चालू लागला. मागं न बघता! तो जिन्यापर्यंत पोचला.

"साहेब, हाक मारा! गिऱ्हाईक चाललं!" मामा कुजबुजले.

साहेबांनी टाय सैल केला आणि ओरडले, "ओ टॉमसाहेब, या इकडं! ना तुमचं, ना माझं!"

टॉम वळला. हसत येऊन खुर्चीत बसला, पेन काढलं. सही करायच्या आधी साहेबांना एक बोट दाखवून म्हणाला, "अन् एक वर टाका!"