कमानीच्या पोलादाचा कोयता

"साधा पत्र्याचा द्या तिला, चकाकतोय चांगला. तिला काय कळतंय?" घण खाली टेकवत लोहाराची बायको नवऱ्याला म्हणाली.

"नको गं. नारळावर दोन घाव घातले की धार मुडपेल. पोरगी फसेल."

आईसाठी कोयता घ्यायला मी बाजाराच्या कडेला थांबले होते. अनोळखी माणसांशी मी आधी हिंदीत बोलते. घरची भाषा मराठीच, पण शाळेपासूनची सवय, मराठीत चुकलं की लोक हसतात. म्हणून त्या दोघांना वाटलं, हिला मराठी येत नाही. मी तसंच वाटू दिलं.

मग तो मला समजावू लागला. "मॅडम, ये ट्रक का कमान है... इसको पानी दिया, तो..." पुढे शब्द सापडेना. हाच माणूस मघाशी बायकोला किती सहज सांगत होता, की कमानीचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद गंजतं, पण तापवून पाणी नीट दिलं तर धार वर्षानुवर्षं टिकते. माझ्यासाठी तो माझ्याच भाषेतून बाहेर पडून अडखळत होता, आणि मी मोबाइलकडे बघत मान हलवत होते.

त्याने दोन्ही कोयते ऐरणीवर वाजवले. पत्र्याचा बद्द वाजला, कमानीचा काळा कोयता खणखणीत. तेवढं कळायला कुठलीच भाषा लागत नव्हती, तरी माझे कान तापले.

"काळा बघून नको म्हणेल ती," बायको पुटपुटली.

"काळाच द्या, मावशी," मी म्हणाले. "आणि मला मराठी येतं. मघापासून सगळं कळत होतं."