एस्नातीची तिसरी खेप

एस्नाती जेरे त्या दिवशी उजाडल्यापासून एका जागी म्हणून उभी राहत नव्हती. दुपारी तीनला तिची गाइडची परीक्षा होती, तीही तिसरी खेप. लुआंगवा नदीच्या काठच्या आमच्या लॉजवर ती चौदा वर्षं पाहुण्यांचे कपडे धुत आली आहे. रोज सकाळी वाळत घालायच्या दोरीखाली उमटलेली पावलं बघायची आणि सांगायची, रात्री इथून बिबट्याची मादी गेली, डावा पाय जपत चालत होती. मुख्य गाइड योटामू आधी हसायचा. मग एकदा तीच मादी त्याच्या जीपसमोरून लंगडत गेली. त्या दिवसापासून त्याने हसणं सोडलं आणि एस्नातीला शिकवायला घेतलं.

पाखरं, झाडं, लेंड्या, पाऊलखुणा, सगळं तिला तोंडपाठ. लेखी परीक्षेत तर पहिली आलेली. तरी प्रत्यक्ष फेरीत दोन वर्षं लागोपाठ नापास. कारण काय, तर आवाज. माहेरी तिला वळणच तसं लावलेलं. मोठ्या माणसापुढे गुडघे टेकायचे, हलकेच टाळी वाजवायची, नजर खाली ठेवायची आणि विचारलं तरच बोलायचं, तेही हळू. परीक्षक दिसला की हे सगळं आपसूक व्हायचं. मागच्या वर्षीचा परीक्षक तर म्हणाला होता, "बाई, तुम्ही बोलताय की नुसता श्वास घेताय?" आणि तीनदा नापास झालेल्याला पुन्हा बसू देत नाहीत.

"आज नाही जमलं तर मरेपर्यंत चादरीच," ती योटामूला म्हणाली.

"मरेपर्यंत कशाला? साठाव्या वर्षी काढून टाकतील," योटामू म्हणाला. "आता हात हलव, तेवढंच डोकं शांत राहील."

पण हात हलवणार कशावर? दोन दिवस पंप बंद होता. नदी समोरून वाहतेय आणि एस्नातीचा हौद कोरडा ठणठणीत. चादरींचा ढीग खांद्यापर्यंत आलेला. मेकॅनिक कालच यायचा होता. दहाच्या सुमाराला फाटकातून एक माणूस चालत आला. कोपरापर्यंत ग्रीस, शर्टावर ऑइल, हातात पाना. त्याने रामराम घातला, आणि नुसत्या हेलावरून एस्नातीने ओळखलं, हा बेंबा जमातीचा.

आता एस्नाती पडली एनगोनी. पणज्यांच्या काळात बेंबा आणि एनगोनी एकमेकांशी लढले. जिंकलं कोण, ते अजून ठरलेलं नाही, म्हणून ते भांडण भाल्यांवरून तोंडावर आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. बेंबा भेटला की एनगोनीने त्याला टोचायचं, त्याने उलट टोचायचं, आणि राग कोणी मानायचा नाही. एकाने दुसऱ्याची वस्तू उचलून नेली तरी ती परत मागायची नाही. मयताच्या घरीसुद्धा ही मंडळी थट्टा सोडत नाहीत. या नात्यात वय, हुद्दा, बाई, बाप्या काही बघत नाहीत.

"या, माकडखाऊ," एस्नाती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दोन दिवस डोळे लावून बसलेय. प्रत्येक झाडाखाली थांबत आलात वाटतं, वर जेवण दिसलं म्हणून?"

माणसाने पाना खाली ठेवला. त्याचे डोळे चमकले. "अस्सं. उंदीरखाऊ इथवर पोचलेत होय. तरीच म्हटलं, सबंध वाटेत एक उंदीर दिसला नाही."

"उंदीर शेतातले दाणे खातो, स्वच्छ असतो. तुमच्या ताटातलं माकड तुमच्याच काकासारखं दिसतं, तरी तुम्ही ओरपता."

"काका चवीला बरा होता. पण बाई, मी इथे—"

"पण नाही आणि बिण नाही. पंप तो बघा तिकडे. दुपारी माझी परीक्षा आहे, त्याआधी मला हा ढीग संपवायचाय. बेंबांना बोलायला दिलं की संध्याकाळ होते."

माणसाने पंपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि बाह्या वर सारून खाली वाकला. अर्ध्या तासात पंप खोकला, थुंकला आणि धो धो पाणी ओतू लागला. एस्नातीचे पाय भिजले आणि तिला भारी आनंद झाला. तेवढ्यात त्याने तिच्या ताटलीतलं भाजलेलं रताळं उचललं आणि खात खात चालू लागला.

"लुटारू!" तिने मागून हाक मारली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

बाराला योटामू एक खाकी शर्ट घेऊन आला. "परीक्षकसाहेब आलेत, आंघोळीला गेलेत. नाव कापासा. हा त्यांचा शर्ट, याला झकास इस्त्री कर."

 एस्नातीने इस्त्रीत नवे निखारे भरले. कॉलर तीनदा फिरवली. एवढ्या मायेने तिने स्वतःच्या लग्नाच्या कापडालासुद्धा इस्त्री केली नव्हती.

तीन वाजता तो शर्ट जीपजवळ आला. शर्टाच्या आत मेकॅनिक होता.

 एस्नातीच्या अंगावरचा निळा एप्रन काढायचाही राहिला होता, तो तिने ओढून सीटवर टाकला, गुडघे टेकले आणि टाळी वाजवली. कापासा हसला नाही. "उठा, उशीर होतोय," एवढंच म्हणाला आणि तिच्या शेजारी बसून वही उघडली. योटामू मागे बसला. साहेबांची गाडी वाटेत बिघडली आणि ते ग्रीसने माखून चालत आले, इथपासून पंपापर्यंत सकाळचं सगळं त्याच्या कानावर आलं होतं, त्यामुळे तो हसू दाबत आभाळाकडे बघत होता.

एस्नातीने जीप काढली आणि तिचा आवाज गेला तो गेलाच.

"ते काय?"

"पुकू हरणं, साहेब."

"कोणाला सांगताय, स्टेअरिंगला?"

तिने पुन्हा सांगितलं. योटामूलाही ऐकू आलं नाही. कापासा वहीत काहीतरी लिहीत होता, आणि प्रत्येक ओळीसरशी एस्नातीला चादरींचा ढीग वर चढताना दिसत होता.

नदीच्या वळणावर, शेंगा गळणाऱ्या झाडांखाली एक हत्तीण होती आणि तिच्या पोटाखाली पिल्लू. एस्नातीने बरोबर अंतर राखून इंजिन बंद केलं. तेवढ्यात कापासा सीटवर उभा राहिला. नुसता उभा नाही, बाहेर वाकून हात हलवायला लागला. हत्तीण गर्रकन वळली. कान पसरले, डोकं वर गेलं आणि ती धूळ उडवत निघाली.

"साहेब, जरा बसता का," एस्नाती पुटपुटली.

साहेब कसले बसतायत. हत्तीण तीस पावलांवर आली, मग वीस. आणि एस्नाती शर्ट विसरली, वही विसरली, माहेरचं वळणही विसरली.

"ए माकडखाऊ, बूड टेक खाली! आणि हलू नकोस!"

कापासा असा बसला की सीटची स्प्रिंग ओरडली. योटामू तर बसलेलाच होता, तो आणखी खाली गेला. एस्नाती हत्तिणीकडे बघत ठाम आवाजात बोलत राहिली, "ऐकलं गं बाई, ऐकलं. तुझं लेकरू तुझंच आहे." हत्तीण दहा पावलांवर थबकली. मातीला लाथ मारली, डोकं झटकलं आणि पिल्लाकडे परत गेली.

"सोंड सैल होती," एस्नाती खणखणीत म्हणाली. "कान पसरलेले. म्हणजे नुसती धमकी. कान मागे आणि सोंड आत ओढलेली असती, तर तुम्ही आज तुमच्या काकाला भेटला असता."

मग काय, बांध फुटला. दरडीतली वेड्या राघूंची बिळं, मगरीच्या पोटाचा ओरखडा, वाटेवरची लेंडी कालची की आजची, जिराफ कुठलं झाड खातो आणि कुठलं सोडतो, परत लॉजला येईपर्यंत ती थांबली नाही. कापासाने वही कधी मिटली, तेही तिला कळलं नाही.

नदीकाठी जीप थांबली तेव्हा तिला शर्ट आठवला. "साहेब, मघाशी ते मी..."

"दोन्ही वर्षांच्या कागदांवर एकच शेरा आहे," कापासा म्हणाला. "सगळं येतं, पण उभ्या राहिलेल्या पाहुण्याला बसवता येत नाही. म्हणून मी उभा राहिलो."

"हत्तिणीसमोर?"

"एका उंदीरखाऊच्या भरवशावर. आमच्या घरी सांगू नका."

"मग, साहेब, निकाल?"

 कापासा खाली उतरला, सीटवरचा निळा एप्रन उचलला, नीट घडी घातली, काखोटीला मारला आणि चालू लागला.

"अहो, एप्रन माझा आहे."

"बेंबाने उचललेलं परत मागायचं नसतं."

"उद्या चादरी धुताना काय घालू मी?"

"ते मला काय माहीत?" कापासा चालता चालता म्हणाला. "उद्या जी धुणार असेल तिला विचारा."

एस्नाती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मागे योटामू आधीच डोळे पुसत होता. मग तिला कळलं.

"लुटारू!" ती ओरडली, आणि असा आवाज फुटला की नदीतले पाणघोडे एका दमात पाण्याखाली गेले.