तिसरा ठोका

आमच्या मिलमध्ये कागदाची रुंदी बदलायची असली की मशीनच्या दोन बाजूंना दोन माणसं लागतात. ओला लगदा पळत्या जाळीवर पसरतो आणि जाळीच्या दोन्ही कडांवर वरून पाण्याची एकेक बारीक धार पडत असते. ती धार जिथे पडते तिथे कागदाची कड ठरते. कडेबाहेरची ओली पट्टी खालच्या खड्ड्यात पडते आणि पुन्हा लगदा होऊन वर येते. रुंदीला आमच्याकडे डेकल म्हणतात. डेकल कमी करायचं म्हणजे दोन्ही धारा सारख्याच आत घ्यायच्या. प्रत्येक धारेला एक चाक असतं. एकाने फिरवलं आणि दुसऱ्याने नाही, तर कागद एका अंगाला सरकतो आणि पुढे पाणी पिळून काढणाऱ्या प्रेसमध्ये फाटतो.

अडचण अशी, की ही दोन माणसं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये मशीन, वर वाफ. आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तरी तोंड कानाला लावावं लागतं. म्हणून मशीनभोवतीच्या लोखंडी कठड्यावर पाना ठोकायचा. तो ठोका ऐकू येण्यापेक्षा कठड्यावर ठेवलेल्या तळव्याला जास्त कळतो. समोरच्या बाजूचा माणूस एकदा ठोकून विचारतो, पलीकडचा ठोकून उत्तर देतो, मग दोघं एकदम चाक फिरवतात.

समोरच्या बाजूला काका असत, सगळी मिल त्यांना काकाच म्हणते. पलीकडे, मोटारी आणि गिअर असलेल्या बाजूला, माझे वडील.

वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं. दोन ठोके लागोपाठ, मग जरा थांबून तिसरा. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, की तिसरा उशिरा का? ते म्हणाले होते, पहिले दोन म्हणजे ऐकलं. मग मी वाकून धार बघतो, नीट पडते का. नीट असली की तिसरा. घरी आल्यावरही ते दाराची कडी तशीच वाजवत. आई आतून पवारी बोलीत म्हणायची, धार बघून झाली असेल तर आत या.

आम्ही मूळचे वरचे, सातपुड्यातले, काठी गावाच्याही पलीकडचे. वडील ऊसतोडीला म्हणून खाली आले, साखर कारखान्यातून चिपाडांच्या ट्रकबरोबर या मिलमध्ये आले आणि राहिले. काका तापीकाठच्या प्रकाशा गावचे. घरची थोडी शेती, पण मिल सुरू झाली तेव्हापासून ते मशीनवर. मला दहावीला बरे गुण मिळाले तेव्हा शहाद्याच्या कॉलेजचं आणि मुलींच्या वसतिगृहाचं वडिलांना काकांनीच सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी ते शहाद्याच्या स्टँडवर आमच्याआधी येऊन उभे होते. आज मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि त्याच मिलच्या लॅबमध्ये कागद तपासते, यात या दोघांचा वाटा आहे. हे मी लाजून लिहीत नाही, आनंदाने लिहिते.

वडील दर वर्षी होळीला गावी जात. मिल बंद पडो की चालू राहो, काठीच्या राजवाडी होळीला त्यांना वर जायचंच असे. त्या वर्षीही गेले. रात्रभर नाचले, पहाटे होळी पेटली, आणि दुपारी भावाच्या अंगणात छातीत कळ आली म्हणून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. गाडी वरपर्यंत यायला आणि निरोप खाली जायला वेळ लागला. माती झाली तेव्हा मिलमधलं कोणीही तिथे पोहोचू शकलं नाही.

नंतर बरेच जण भेटायला आले. शिफ्टचे लोक आले, गेटवरचा वॉचमन आला, मॅनेजर साहेबही आमच्या दोन खोल्यांच्या घरी येऊन खाली चटईवर बसून गेले. काका आले नाहीत. आई एकदा म्हणाली, "जोडीदार म्हणायचे. दारात पाऊल ठेवलं नाही."

मी कामावर परतल्यावर काकांना भेटले. ते जाळीकडे बघत होते. मी म्हटलं, "काका, आई वाट बघते."

ते म्हणाले, "मी त्याले देखेल नही ना, पोरी. मन्हा करता तो अजून होळीले गयेल शे."

अहिराणी मला पहिल्यापासून कळते: त्यांनी बाबांना गेलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी बाबा अजून होळीलाच गेलेले होते.

वडिलांच्या जागी बदलीचा एक माणूस आला. चांगला होता, कामाला चपळ. तो एकच ठोका देई, लगेच. काका त्याच्यावर वैतागत. "तू धार देखी का?" असं मशीनला वळसा घालून विचारून येत. डेकल बदलायला दुप्पट वेळ लागू लागला. पोरं चेष्टा करत. काका पान्याने ठोकून उभे राहिले की एखादा ओरडे, "काका, त्याले सांगा, येतांना चहा लई ये!" काका त्यांना शिव्या देत, पण तळवा कठड्यावरून काढत नसत.

उन्हाळ्याच्या एका दुपारी ते घडलं. खोक्यांच्या कारखान्याला अरुंद कागद हवा होता. शिफ्टच्या माणसाने काकांना डेकल कमी करायला सांगितलं. बदलीचा माणूस त्या वेळी मशीनच्या दुसऱ्या टोकाला वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला गेला होता, हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा ठोकलं. उत्तर आलं. काकांनी चाक फिरवलं. पलीकडचं चाक कोणी फिरवलंच नाही. कागद सरकला, प्रेसमध्ये फाटला, ओला लगदा रोलांना गुंडाळला गेला आणि मशीन थांबवावं लागलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पलीकडे कोणी नव्हतं, तर तुम्ही चाक का फिरवलं?"

काका म्हणाले, "ठोका उना."

"कोणाचा ठोका आला?"

"तिन्ही उनात. तिसरा बी उना."

कोणी हसलं नाही. तिसरा ठोका कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब सुरतेकडचे, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "काका, तुमचं वय झालं. उद्यापासून यार्डात बसा. रद्दीच्या गाठी बघा. मशीनवर मी असा माणूस ठेवू शकत नाही."

यार्ड म्हणजे उघड्यावर चिपाडांचे ढीग आणि रद्दी. काकांनी पाना खिशात घातला. तो त्यांच्या हातात नेहमी असे, खिशात घातलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझ्यासाठी तसं जाणं सोपं नव्हतं. मी सांगितलं, "सर, तो आवाज मीसुद्धा ऐकला."

हे खरं होतं. लॅबची भिंत मशीनच्या पलीकडच्या, वडिलांच्या बाजूला आहे. आमचं टेबल ज्या खांबाला टेकलं आहे, त्यालाच तो कठडा जोडलेला. वडील ठोकायचे तेव्हा टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या. त्या दुपारी त्या किणकिणल्या. दोनदा, मग थांबून एकदा. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बाबांची शिफ्ट सुटत आली, डबा धुवायला घ्यायला हवा.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, मी रिपोर्टमध्ये भूत लिहू शकत नाही. कशाचा आवाज होता ते शोधा. एखादी वस्तू वाजत असेल तर दुरुस्त करू आणि काकांना परत घेऊ. काही सापडलं नाही, तर ते यार्डातच राहतील."

मशीन चालू झाल्यावर मी पलीकडच्या बाजूला गेले. वडिलांच्या जागेवर मी तोपर्यंत कधी उभी राहिले नव्हते. तिथे उष्ण ओलं वारं येतं आणि चष्म्यावर लगेच वाफ धरते. कठड्याचा एक तुकडा गुळगुळीत झाला होता, पाना लागून लागून. मी तिथे तळवा ठेवला. सुरुवातीला नुसती मशीनची थरथर. खूप वेळ गेला. बदलीचा माणूस माझ्याकडे बघून लांब सरकला. मग कागद वाळवणाऱ्या ड्रायरवरच्या माणसाने वाफ कमी केली, आणि माझ्या तळव्याखाली ठोका पडला. लगेच दुसरा. मी तळवा आणखी दाबला. तिसरा आला. मागे वळून बघायची इच्छा मी दाबून धरली. मग वळले. मागे फक्त वाफ होती.

घाबरले होते, तरी तिथून हलले नाही. तिथल्या लोखंडी जिन्याखालून वाफेचं गार झालेलं पाणी परत नेणारा एक पाइप जातो. त्याची पट्टी कठड्यालाच आवळलेली होती. मी खाली बसून पाइपला हात लावला. पुढच्या वेळी वाफ कमी झाली तेव्हा पाइप माझ्या हातात उसळला. पाणी साचून आत आदळत होतं. त्यातलं पाणी बाहेर सोडणारी झडप अडकली असणार, हे कोणीही ओळखलं असतं. दोन धक्के लागोपाठ बसत. तिसरा कधी येई, कधी येत नसे.

सापडलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिथेच जमिनीवर बसून राहिले. झडप बदलली की हा आवाज बंद होणार होता. होळी केव्हाच मागे पडली होती आणि वडिलांचं म्हणावं असं एवढंच काहीतरी मिलमध्ये उरलं होतं.

साहेबांकडे जाण्याआधी मी यार्डात गेले. काका चिपाडांच्या ढिगाच्या सावलीत गाठींवर बसले होते.

"काका, तो पाइप आहे. जिन्याखालचा."

"आठे बठ," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी पायाखालचं एक चिपाड उचलून मोडलं. "पाइप वाजस, ते मी बी जानस. पन पाइपले त्यानी सवय कशी लागनी, ते तुन्हा कॉलेजमा शिकाडतंस का?"

"नाही."

"मंग?"

"साहेबांना सांगितलं तर ते झडप बदलतील. तुम्हाला मशीनवर परत घेतील. पण मग तो ठोका येणार नाही. सांगू का?"

काकांनी हातातलं मोडलेलं चिपाड ढिगावर टाकलं. मग म्हणाले, "सांगी दे. तो जर व्हई, तर त्याले पाइपनी गरज नही."

मी सांगितलं. पुढच्या बंदच्या दिवशी फिटरने जुनी झडप काढली. आत गंज आणि लगद्याचा घट्ट झालेला गोळा होता. पाइपची पट्टी कठड्यावरून काढून भिंतीला लावली. साहेबांनी दोन्ही बाजूंना एकेक बल्ब आणि बटण बसवून घेतलं. पलीकडच्याने धार बघून बटण दाबलं की समोर हिरवा दिवा लागतो. काका मशीनवर परतले. दिव्याकडे बघून म्हणाले, "लगीनमा बसाडतंस तसा शे."

डेकल बदलायची पहिली वेळ दोन दिवसांनी सकाळी आली. मी रीलवरून कागदाचा नमुना घ्यायला तिथेच होते. बदलीचा माणूस पलीकडे गेला. थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. काकांनी चाकावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. त्यांनी पाना घेतला आणि कठड्यावर एकदा ठोकलं. मग तळवा तिथे ठेवला. मीही शेजारी माझा तळवा ठेवला. ड्रायरवाल्याने वाफ कमी केली होती, मला ते फुसफुसणं ऐकू येत होतं.

आम्ही दोघं उभे राहिलो. कठडा मशीनबरोबर नुसता थरथरत होता. दिवा तसाच हिरवा होता. शिफ्टच्या माणसाने लांबून हात हलवला, काका, चला. काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग त्यांनी तळवा उचलला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आते गया तो," ते म्हणाले.

त्यांनी चाक फिरवलं. पलीकडचं चाकही फिरलं. दोन्ही धारा आत सरकल्या आणि कडेची ओली पट्टी रुंद होऊन खड्ड्यात पडू लागली. कागद मधोमध चालला होता. काकांनी वाकून आपली धार पाहिली, पाना कठड्याला टांगला आणि डोक्याचा रुमाल सोडून त्याने तोंड पुसलं. मी नमुना घेऊन निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तुन्ही माय घर कव्हय ऱ्हास? माले भेटाले येवानं शे."

मी म्हटलं, रविवारी.